टायरच्या गोदामामागचं नॉरफोक

शुद्धलेखन चुकलं असेल तर माफ करावं. शाळा चौथीपर्यंतच झाली, आणि अक्षराचं तर बोलायलाच नको. माझ्या अक्षराला आजवर एकाच माणसाने चांगलं म्हटलं, आणि त्या माणसाला मराठी वाचता येत नव्हतं. वाणसामान काय संपलं ते मी मराठीत लिहून फ्रिजवर चिकटवायचे. साहेबांनी एकदा चष्मा कपाळावर सरकवून तो कागद अगदी जवळून पाहिला आणि म्हणाले, "शीला, ओहोटीनंतर चिखलात पक्षी चालून जातात ना, तसं दिसतं हे. हा बघ, इथे थांबला. इथे याला किडा मिळाला." जिथे किडा मिळाला होता तिथे मी 'जिरं' लिहिलं होतं.

दुबईतली आमची माणसं त्यांना पक्षीसाहेब म्हणत. तिकडे राहिलेल्यांना असा एखादा साहेब आठवेल: खाकी अर्धी चड्डी, पांढरे मोजे, गळ्यात दुर्बीण, आणि मानेवर उन्हाने झालेला लाल पट्टा. साहेब रास अल खोरला एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत पाण्याच्या पाइपलाइनीचे इंजिनियर होते. त्याच कंपनीत माझ्या मावसबहिणीचे यजमान स्टोअरकीपर. मी त्यांना भावोजी म्हणते. मी विधवा, मुलगी मंदा गावी माझ्या आईजवळ. भावोजींनीच माझं नाव साहेबांना सुचवलं. राहायचं त्यांच्याच घरी, ताईकडे, शेजारच्या शारजात, कारण तिथे भाडं कमी. सकाळी भावोजींच्या गाडीतून, ट्रॅफिकमध्ये डुलक्या काढत, साहेबांच्या रशिदियातल्या व्हिलात यायचं, स्वयंपाक-झाडलोट करायची आणि संध्याकाळी त्याच ट्रॅफिकमधून परत.

साहेब एकटे होते. लग्न केलं नव्हतं. ते पुस्तक लिहीत होते. विलायतेतला नॉरफोक हा त्यांचा जिल्हा, आणि त्या जिल्ह्यात पक्षी कुठे कुठे बघावेत याचं ते पुस्तक. लिहिणं चाललं होतं दुबईत, एसीखाली. मी कामाला लागले तेव्हा ते पहिल्या प्रकरणावर होते. मी काम सोडलं तेव्हाही बहुतेक पहिल्याच. पण ते प्रकरण फार चांगलं झालं होतं.

मी पोळ्या लाटत असले की साहेब स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून लिहिलेलं वाचून दाखवत. निम्मं इंग्रजीत, निम्मं त्यांच्या हिंदीत. मला समजावं म्हणून नव्हे, मी पळून जाऊ शकत नव्हते म्हणून. प्रत्येक जागेची सुरुवात गाडी कुठे लावायची इथून, आणि शेवट चहा कुठे मिळतो तिथे. पक्षी मधे कुठेतरी यायचे, तेही आले तर. "चर्च के पीछे पार्किंग. फ्री. गेट खोलो. गेट बंद करो. बंद करना बहुत जरूरी, गाय है." पुढे ओढ्यावरचा लाकडी साकव, मग बांधावरून डावीकडे, मग लाकडाची खोपी. त्या खोपीला आडवी फट असते आणि माणसं आत बाकावर बसून त्या फटीतून बाहेर बघतात. ऐकून ऐकून मला हा जिल्हा आरतीसारखा पाठ झाला. एकदा ते वाचताना चुकले, तर मी लाटणं न थांबवता म्हटलं, "साहब, गेट बंद नहीं किया." त्या दिवशी साहेबांचा आनंद पाहायला हवा होता. गाय वाचली होती.

पक्ष्यांबद्दल माझं ज्ञान बेताचं. आमचं गाव देवगडच्या पुढे, खाडीकाठी. तिथे पक्षी दोन जातींचे: कालवणात पडणारे आणि न पडणारे. साहेबांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "माझ्या आजोबांचंही असंच मत होतं."

सगळ्या जिल्ह्यात त्यांची लाडकी जागा म्हणजे पवनचक्कीची दलदल. तिचं खरं नाव लांबलचक होतं, माझ्या जिभेला ते जमलं नाही. जुनी पवनचक्की, तिच्या पायथ्याशी गोड्या पाण्याची दलदल, पुरुषभर उंच लव्हाळी, आणि पलीकडे समुद्र. मधे फक्त एक मातीचा बांध. लहानपणी वडील त्यांना सायकलच्या दांडीवर बसवून तिथे नेत. त्या लव्हाळ्यात एक पक्षी राहतो, बिटर्न नावाचा. बगळ्याचाच चुलतभाऊ, रंगाने मळकट तपकिरी. लव्हाळ्यात उभा राहिला की लव्हाळंच वाटतो. दिसत नाही, फक्त ऐकू येतो.

"दिसत नाही, तर बघायला कशाला जायचं?" मी विचारलं.

"जायचं," साहेब म्हणाले, "कारण तो तिथे असतो."

तो कसा ओरडतो हे साहेबांनी आम्हाला दाखवलं, आणि त्यापायी भावोजी तुरुंगात जायचेच तेवढे राहिले. दिवाळीच्या फराळाला ताईने साहेबांना शारजाच्या घरी बोलावलं होतं. चकली खाता खाता बिटर्नचा विषय निघाला. ताईची पिंकी म्हणाली, "मावशी, ही इज सो बोअरिंग." हे इंग्रजीत असल्यामुळे साहेबांना नीट समजलं. ते उठले, ओट्यावरची व्हिनेगरची रिकामी मोठी बाटली उचलली, बाल्कनीत गेले आणि तोंड लावून फुंकर मारली. बूऽऽम. खालचा रस्ता दणाणला. समोरच्या इमारतीतली माणसं बाल्कनीत आली. गोरा साहेब, तोंडाला बाटली, आणि गाव शारजा, जिथे दारूचा थेंबही चालत नाही.

भावोजी धावले. "साहेब, प्लीज! शारजात बाटली वाजवू नका!"

"बट इट्स व्हिनेगर."

"हे तुम्हाला माहीत, मला माहीत. समोरच्याला वास येत नाहीये ना!"

तेवढ्यात पिंकीने दुसरी बाटली आणली होती. तिला आता बोअर होत नव्हतं.

खरी गंमत शुक्रवारी. कधी कधी सुट्टीच्या दिवशी साहेब आम्हा सगळ्यांना गाडीत घालून रास अल खोरला नेत. गोदामं, गॅरेजं, भाजीच्या घाऊक बाजाराचे ट्रक, हे सगळं ओलांडून गेलं की मागे खाडीचं शेवटचं टोक येतं, आणि त्या उथळ पाण्यात फ्लेमिंगो उभे असतात. दोन-चार नव्हेत. पाणीच गुलाबी दिसतं. जगभरातली माणसं मान मोडून बघतात. साहेब मात्र घडीची खुर्ची काढत आणि फ्लेमिंगोंकडे पाठ करून बसत.

"साहेब, तिकडे बघा ना," ताई म्हणायची.

"ते पोस्टकार्डावर दिसतात," साहेब म्हणायचे. मग बोट करून समोरची इमारत दाखवत. "समजा, ते टायरचं गोदाम म्हणजे चर्च. मागे पार्किंग, फ्री. तो पाण्याचा टँकर म्हणजे पवनचक्की. आता बांधावरून डावीकडे..."

भावोजी मला मराठीत विचारत, "गं, तिथे बघायचं काय नेमकं?"

"पक्षी."

"कुठल्या रंगाचे?"

"तपकिरी."

"मागे फुकटात गुलाबी आहेत आणि हा माणूस तपकिरी सांगतोय!"

पण मी ऐकत असे. टायरच्या गोदामाचं चर्च कधी झालं ते मला कळलंच नाही. पुढे मी एकटी त्या रस्त्याने गेले तरी मनात येई, गेट बंद केलं का.

साहेब एकाच गोष्टीवरून मला बोलत, ती म्हणजे तिकीट. तिकडे दर दोन वर्षांनी कामाच्या माणसाला गावी जायचं तिकीट मिळतं. आपल्या लोकांत रीत अशी की तिकीट घ्यायचं नाही, त्याचे पैसे घ्यायचे आणि 'पुढच्या वेळी नक्की' म्हणून राहायचं. मीही तेच केलं. एकदा मंदाच्या शाळेसाठी. मग सवयच लागली. पैसे माझ्या हातावर ठेवताना साहेब दर वेळी म्हणत, "शीला, तिकीट म्हणजे पैसे नव्हेत. तिकीट म्हणजे तिकीट. घरी जा. मुलगी वाढते आहे." आवाजात इतका कळवळा असे, की मला आपली लाज वाटे.

मग कळलं की साहेबांचंही तेच. कंपनी त्यांना दर उन्हाळ्यात विलायतेचं तिकीट देई आणि ते पैसे घेत. हे मला भावोजींनी सांगितलं. स्टोअरकीपरला सगळं ठाऊक असतं. एका वर्षी त्या पैशांची तीन पायांची मोठी दुर्बीण आली. म्हणजे ज्या पैशांत पक्षी बघायला जायचं, त्या पैशांत पक्षी बघायचं यंत्र आणलं, आणि ते व्हिलाच्या गच्चीवर लावलं. तिच्यातून शेजारच्या अरबाचे कबुतरखाने फार छान दिसत.

मी धीर करून एकदा विचारलं, "साहब, आप घर क्यों नहीं जाते?"

ते बराच वेळ चहा ढवळत राहिले. त्यात साखर नव्हती. म्हणाले, "पुस्तक पूर्ण झालं की जाईन. एकेक जागा पुन्हा तपासायची आहे. नेक्स्ट समर. इन्शाल्ला."

इन्शाल्ला शब्द माणसाला फार सोयीचा. वर्षं त्यात सहज मावतात.

दोन हजार साल उलटलं आणि कंपनी बुडाली. आधी पगार उशिरा होऊ लागले, मग होईनात. मालक त्याच्या देशी निघून गेला. भावोजींना ओळखीने दुसरीकडे काम मिळालं. साहेबांचा सगळा हिशोब अडकला. त्यांनी गाडी विकली, मग फर्निचर. व्हिलाचं भाडं संपेपर्यंत ते रिकाम्या हॉलमध्ये घडीच्या खुर्चीवर बसून पहिलं प्रकरण दुरुस्त करत. माझा पगार मात्र गाडीच्या पैशांतून पहिल्या तारखेला दिला. मी नको म्हटलं तर रागावले. "शीला, मी बुडालोय, बुडवणारा नाही."

त्याच आठवड्यात त्यांच्या बहिणीचा विलायतेहून फोन आला. साहेब फक्त "येस" आणि "आय सी" म्हणत होते. फोन ठेवून ते स्वयंपाकघराच्या दारात आले. माझं पीठ मळणं चालू होतं. त्यांनी मला सांगितलं ते असं: पवनचक्कीच्या दलदलीचा तो मातीचा बांध समुद्र दर हिवाळ्यात खात होता. सरकारने ठरवलं होतं की आता बांध दुरुस्त करायचा नाही. पुढच्या मोठ्या भरतीला खारं पाणी आत येईल. लव्हाळी मरतील. लव्हाळी गेली की बिटर्न गेला.

"कधी?" मी विचारलं.

"या हिवाळ्यात. फार तर पुढच्या."

आमच्या गावीही असा बांध फुटला होता. खारं पाणी एकदा भातशेतीत शिरलं की पुन्हा तिथे भात होत नाही, हे मला कोणी समजवायची गरज नव्हती. मी म्हटलं, "साहब, जाओ."

साहेब हसले आणि रिकाम्या हॉलकडे हात केला. सोफा होता तिथे चार पायांचे चार ठसे गालिच्यावर उरले होते.

माझ्याकडे पंधराशे दिरहॅम होते. म्हणजे त्या वेळचे एकोणीस हजार रुपये. शेवटच्या दोन तिकिटांचे मिळून. या खेपेला खरंच जायचं ठरवलं होतं मी. मंदाला तसं कळवलंही होतं. तिला सोडून आले तेव्हा ती माझ्या कमरेला लागत होती, आणि आता फोनवरचा आवाज ऐकून मला 'कोण बोलतंय' विचारावं लागे. दोन दिवस मी विचार केला. मंदा पुढच्या वर्षीही असेल, बांध नसेल, एवढंच डोक्यात राहिलं. हिशोब बरोबर होता की चूक, ते अजून मला ठरवता आलेलं नाही.

हातात द्यायची लाज वाटली. साहेबाला पैसे कसे देतात हे कोणी शिकवलेलंच नाही. मी ते पोळ्यांच्या डब्यात, पोळ्यांच्या वरच्या फडक्याखाली ठेवले आणि डबा समोर सरकवला. साहेबांनी फडकं उचललं. मग पोळ्यांकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

"धिस इज युवर टिकट."

मी मान हलवली. "टिकट मतलब टिकट," मी म्हटलं. "घर जाओ."

त्यांनी हस्तांदोलनाला हात पुढे केला. मी गडबडून नमस्कार केला. मग त्यांनी नमस्कार केला तेव्हा मी हात पुढे केला. असं दोनदा झालं. शेवटी साहेब म्हणाले, "खलास," आणि पोळी खायला बसले.

घरी सांगितल्यावर जे व्हायचं ते झालं. भावोजी सोफ्यावर उठूनच बसले. "दीडशे वर्षं इंग्रजांनी नेलं ते कमी पडलं का, म्हणून आता शारजातून पोचवतेस? जगात साहेबाला उधार देणारी पहिली स्वयंपाकीण आमच्या घरात!"

ताई म्हणाली, "त्यांचेच तर होते पैसे. त्यांनीच दिले होते तिला."

"मग आणखी छान! त्याचेच पैसे त्याला उधार. व्याज कोण कोणाला देणार?"

साहेब गेले. विमानतळावर आम्ही नव्हतो, कामाचा दिवस होता. मोठी दुर्बीण ते ताईकडे ठेवून गेले, पैशांपोटी तारण म्हणून. भावोजी तिच्यावर टॉवेल वाळत घालत.

मला अबुधाबीच्या एका गुजराती कुटुंबाचं काम मिळालं होतं, पण ते शारजातच राहायला आले, म्हणून मी ताईकडेच राहिले. वर्ष गेलं. पत्र नाही, फोन नाही. भावोजी दर शुक्रवारी चहा पिताना विचारत, "काय, आला का लंडनहून चेक?" पुढे पुढे त्यांनी विचारणंही सोडलं, ते मला जास्त लागलं. मंदा फोनवर म्हणाली, "आई, तू येते म्हणतेस ना, तेव्हा मी आता कोणाला सांगत नाही. हसतात." त्या रात्रभर मला साहेबांचा राग आला, बांधाचा आला, त्या तपकिरी पक्ष्याचाही आला. कधी न पाहिलेल्या पक्ष्यावर कोणी इतकं रागावलं नसेल.

आणि एका शुक्रवारी दुपारी बेल वाजली. दारात साहेब. तोच खाकी वेष, मानेवरचा पट्टा मात्र फिका झालेला. महिन्याभरापूर्वी त्यांना अबुधाबीत काम मिळालं होतं, खलिफा सिटीतल्या नव्या व्हिलांच्या पाइपांचं. पहिला पगार झाला आणि ते निघाले. दुबईहून शारजाला यायलाच दोन तास लागले म्हणून ट्रॅफिकला शिव्या देत होते. फार बरं वाटलं ऐकून.

ताईने चहा टाकला. भावोजींनी घाईने दुर्बिणीवरचा टॉवेल काढला. मी विचारलं, "साहब, देखा?"

"पार्किंगला पैसे घेतात आता," साहेब म्हणाले. हा धक्का त्यांना अजून पचला नव्हता. "चर्चच्या मागे! मशीन बसवलंय!"

"और चाय?"

"दुकान बंद. म्हातारी वारली."

"और पक्षी?"

साहेबांनी कप खाली ठेवला. रोज पहाटे ते त्या खोपीत जाऊन बसत. पाऊस होता, थंडी होती. एका सकाळी धुकं होतं आणि लव्हाळ्यातून आवाज आला. एकदाच. तेवढा त्यांनी ऐकला. त्या हिवाळ्यातच बांध गेला.

"मग बहिणीकडे राहिलो. रोज खोपीत जात होतो," ते म्हणाले. "खारं पाणी बघायला. शेजारी अनोळखी माणसं बसायची. एके दिवशी माझ्या लक्षात आलं, मी एका बाईला सांगतोय, 'समजा, ते चर्च म्हणजे टायरचं गोदाम. त्याच्या मागे खाडी आहे, आणि खाडीत हजारो फ्लेमिंगो.' ती म्हणाली, 'हाऊ लव्हली, तुम्ही तर रोज बघत असाल.'"

मग भावोजी म्हणाले, "मग काय सांगितलंत?"

"गाडी कुठे लावायची ते सांगितलं."

पुस्तक छापलं गेलं का, मला ठाऊक नाही. त्यानंतर साहेबांची गाठ पडली नाही. मी आता गावीच असते. संध्याकाळी खाडीवर जाते तेव्हा ओहोटीच्या चिखलात पक्ष्यांची पावलं दिसतात. नावं येत नाहीत, पण आता मी बघते. मंदा हसते, म्हणते, आई, चिखलात काय वाचतेस?

त्या दिवशी निघताना साहेबांनी दारात पाकीट काढून माझ्या हातात ठेवलं. "हे पैसे नाहीत," ते म्हणाले. "तिकीट आहे. समजलं?" मी हो म्हटलं. भावोजी मागून खाकरत होते, पण पाहुण्यासमोर नोटा मोजणं बरं दिसत नाही. साहेब दुर्बीण खांद्यावर टाकून जिना उतरले. लिफ्ट होती, तरी उतरले. खालचं फाटक उघडल्याचा आवाज आला, मग बंद केल्याचाही आला.

मग मी दार लावून मोजले. पूर्ण होते.